पापलेटचे खरे नाव

मासा खाणे आणि मासा ओळखणे या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिलीत आपली ठाणे-डोंबिवलीकडची मंडळी पारंगत. दुसरी आपण कोळणीवर सोपवून मोकळे होतो.

मी पडलो मराठीचा अध्यापक, तेव्हा आधी शब्द पाहतो. पोर्तुगीज ‘पांपो’चे इंग्रजांनी ‘पॉम्फ्रेट’ केले. आपले ‘पापलेट’ त्याच गोतावळ्यातले दिसते. हलव्यालाही इंग्रजीत ‘काळे पॉम्फ्रेट’ म्हणतात, पण त्याचे कूळ वेगळे. शेपटीच्या मुळाशी बोट फिरवून पाहा. हलव्याला तेथे कडक, खरखरीत खवल्यांची रांग लागते. पापलेटचे खवले बारीक, हात लावताच निघणारे. आणि पोटाखालचे पर त्याला मुळी नाहीतच.

हे झाले स्वयंपाकघरातले शास्त्र. ग्रंथांतली कथा याहून गमतीची आहे. १७८८ साली युफ्रासेन या स्वीडिश पंडिताने चीनकडच्या एका माशाला ‘आर्जेन्टियस’, म्हणजे रुपेरी, असे नाव दिले. १८२९ साली फ्रान्सच्या क्युव्हिएने ‘कँडिडस’, म्हणजे शुभ्र, या नावाने दुसरा मासा नोंदवला. दोघे दिसायला जुळे भाऊ. म्हणून पुढच्या ग्रंथकारांनी दोघांनाही ‘आर्जेन्टियस’च ठरवले. आपले पापलेट असे वर्षानुवर्षे चिनी भावाच्या नावावर खपले! अखेर अवयवांची मापे घेऊन आणि जनुके ताडून पाहिल्यावर भारतीय शास्त्रज्ञांनी २०१९ साली सांगितले, की आपला मासा स्वतंत्र आहे. त्याचे नाव ‘पॅम्पस कँडिडस’.

म्हणाल, नावाने चवीत काय फरक पडतो? काही नाही. पण किती लहान मासा धरू नये, हे ठरते तो कधी वयात येतो त्यावरून. भावाची पत्रिका पाहून याचे लग्न कसे ठरवावे?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा केले. त्यासाठी नावाजलेले सातपाटी बंदर २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते; आता ते पालघरात आहे. पण मान दिल्याने मासे वाढत नाहीत. अंडी घालण्याआधीच पिल्ले जाळ्यात आली, तर उद्या राज्यमासा चित्रातच पाहावा लागेल.

तेव्हा गृहिणींनो, बाजारात तळहाताहून लहान पापलेटचा वाटा स्वस्तात दिसला, तर पिशवी पुढे करू नका. पुढच्या दिवाळीचा मासा तोच आहे.