यादीबाहेरचा चौथा स्कॉट

उपेक्षेला गुणवत्तेचा पुरावा मानण्याची खोड आपल्या वाङ्मयीन चर्चेला फार जुनी आहे. जे खपते ते हिणकस आणि जे खपत नाही ते काळाच्या पुढचे, असे समीकरण वर्गात शिकवले जात नाही खरे. पण वर्गाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते गृहीत धरलेले असते. या समीकरणाला पोषक असे उदाहरण पाश्चात्त्य पॉपसंगीतात शोधायचे, तर स्कॉट वॉकरइतके सोयीचे दुसरे सापडणे कठीण. म्हणूनच ते जरा तपासून पाहावेसे वाटते.

हकिकत थोडक्यात अशी. नोएल स्कॉट एंगल हा १९४३ साली ओहायोत जन्मलेला अमेरिकन तरुण १९६५मध्ये लंडनला आला. ‘वॉकर ब्रदर्स’ या त्रिकुटातला तो प्रमुख गायक. तिघांपैकी कोणी कोणाचा भाऊ नव्हता आणि वॉकर हे आडनावही कोणाचे नव्हते. १९६५ आणि १९६६ अशा लागोपाठच्या दोन वर्षांत त्यांचे एकेक गाणे ब्रिटनच्या यादीत पहिले आले. १९६७मध्ये त्रिकूट फुटले आणि स्कॉट एकटा गाऊ लागला. ‘स्कॉट’ (१९६७) ही ध्वनिमुद्रिका तिसऱ्या क्रमांकावर गेली, ‘स्कॉट २’ (१९६८) पहिल्या आणि ‘स्कॉट ३’ (१९६९) पुन्हा तिसऱ्या. त्याच १९६९च्या नोव्हेंबरात ‘स्कॉट ४’ आली आणि यादीत तिचे नावच दिसले नाही.

आज ही चौथी मुद्रिका त्याच्या गायकीचे शिखर मानली जाते, आणि मलाही ते मान्य आहे. तिचे पहिलेच गाणे बर्गमनच्या ‘द सेव्हन्थ सील’वर रचलेले आहे, मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार त्यात जवळजवळ सगळ्या कथेसह येतो. दुसऱ्या एका गाण्याची अर्पणपत्रिका नवस्टालिनवादी राजवटीला उद्देशून आहे आणि त्यात १९६८मध्ये प्रागच्या रस्त्यांवर उतरलेले रणगाडे आहेत. वेष्टनावर काम्यूचे वाक्य. हे सर्व पाहिल्यावर निष्कर्ष तयारच असतो: एवढे गंभीर साहित्य सामान्य श्रोत्याला पेलले नाही.

हा निष्कर्ष मला पटत नाही, आणि त्याची कारणे त्या मुद्रिकांतच आहेत. पहिल्या मुद्रिकेत बारा गाण्यांपैकी स्कॉटची स्वतःची तीन, दुसरीत बारांपैकी चार. तिसरीत मात्र तेरांपैकी दहा. उरलेली तीन बेल्जियन कवी-गायक जाक ब्रेलची, इंग्रजीत आणलेली. तिसरीतली बहुतेक गाणी तीन मात्रांच्या संथ वॉल्ट्झमध्ये चालतात. आरंभीच्या गाण्यात तंतुवाद्यांचा एक विसंवादी स्वर पार्श्वभूमीवर असा लोंबत राहतो की वाद्यवृंद चुकला की काय असे वाटावे. नाचण्याजोगे त्यात काहीच नाही. तरीही ती तिसऱ्या क्रमांकावर पोहोचली! आठ महिन्यांनी आलेल्या चौथीत तालवाद्य आणि बास गिटार पुढे आले आहेत आणि चालीही सुटसुटीत झाल्या आहेत. मार्चमध्ये जो श्रोता अवघड मुद्रिका विकत घेतो, तो नोव्हेंबरात तिच्याहून सोपी नाकारतो. हे अभिरुचीच्या दारिद्र्यावर ढकलून मोकळे होता येत नाही.

मग घडले काय? एक कारण नेहमी सांगितले जाते, ते म्हणजे मुद्रिका ‘नोएल स्कॉट एंगल’ या मूळ नावाने निघाली. त्यात तथ्य असावे; पुढच्या आवृत्त्यांवर ‘स्कॉट वॉकर’ हेच नाव परत आले. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्या वर्षाचे वेळापत्रक. १९६९मध्ये बीबीसीवर स्कॉटची स्वतःची दूरचित्रवाणी मालिका झाली आणि तीत गायलेल्या, इतरांनी लिहिलेल्या गाण्यांची वेगळी मुद्रिका उन्हाळ्यात बाजारात आली. ती सातव्या क्रमांकापर्यंत चढली. म्हणजे एकाच वर्षात एकाच गायकाच्या तीन मुद्रिका, आणि मधली अशी की जिने दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला त्याला हवा तो स्कॉट देऊन टाकला. उरलेल्या श्रोत्याच्या खिशाचा विचार कोणी केला होता, असे दिसत नाही. हा माझा तर्क आहे. पण ‘समाजाला कळले नाही’ या विधानापेक्षा तो तपासता तरी येतो.

शिवाय यादी मोजते काय, हेही विसरले जाते. ती मोजते एका आठवड्याचा वेग. एकूण किती प्रती गेल्या याच्याशी तिचा संबंध दुरूनच. एखादी मुद्रिका पन्नास वर्षे दर आठवड्याला थोडीथोडी विकली गेली, तर यादीला तिचा पत्ता कधीच लागणार नाही. पुस्तकांच्या व्यवहारात आपण हे निमूट स्वीकारतो, आवृत्ती संपायला दहा वर्षे लागली म्हणून कवीला अपयशी म्हणत नाही. गायकाच्या बाबतीत मात्र ‘यादीत नाही’ म्हणजे ‘कोणीच ऐकले नाही’ असा अर्थ सहज लावतो.

या कहाणीचा पुढचा भाग सहसा घाईने उरकला जातो. १९७२ ते १९७४ या काळात स्कॉटने चार मुद्रिका काढल्या आणि त्यांत स्वतःचे एकही गाणे नव्हते. सगळी दुसऱ्यांची, गुळगुळीत, कोणालाही न दुखावणारी. बाजाराला शरण जाणे म्हणतात ते हेच. त्यांपैकी एकही यादीत आली नाही. उपेक्षा हा गुणवत्तेचा पुरावा असेल, तर या चारही थोर ठरायला हव्यात. तसे कोणी म्हणत नाही, आणि योग्यच आहे.

मला उलट लोकप्रियतेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायची आहे. पहिल्या तीन मुद्रिकांमागचा तो भलामोठा वाद्यवृंद, अँजेला मॉर्ली (तेव्हा त्या वॉली स्टॉट या नावाने काम करीत) यांच्यासारख्या संयोजकांचे काम, ध्वनिमुद्रणाचे तास, याचे पैसे कोठून आले? किंकाळ्या मारणाऱ्या शाळकरी मुलींनी १९६५-६६मध्ये घेतलेल्या तबकड्यांतून. ‘जोआना’सारख्या गोड गाण्याने १९६८मध्ये सातवा क्रमांक मिळवला नसता, तर कंपनीने मृत्यू, वेश्यावस्ती आणि भाड्याच्या खोल्यांवरच्या त्या गाण्यांसाठी एवढी व्हायोलिने बसवली असती, असे मला वाटत नाही. त्या मुलींची टिंगल समीक्षकांनी पुष्कळ केली आहे. आश्रयदात्यांच्या यादीत त्यांचे नाव कोणी लिहीत नाही.

उत्तरार्धाची वाट वेगळी. ‘टिल्ट’ (१९९५) पासोलिनीच्या स्मृतीने सुरू होते. ‘द ड्रिफ्ट’मध्ये (२००६) मुसोलिनी आणि क्लारा पेताची यांच्या शेवटावरच्या गाण्यात डुकराच्या मांसाच्या मोठ्या तुकड्यावर ठोसे मारून ताल धरलेला आहे. गंमत अशी की ‘टिल्ट’ सत्ताविसाव्या क्रमांकावर आली. जिला यादीबाहेर राहण्याचा सर्वांत मोठा हक्क होता ती यादीत, आणि ‘स्कॉट ४’ बाहेर! या काळातला आवाज मला थोर वाटतो, पण वर्षातून एकदाच ऐकवतो, हेही कबूल केले पाहिजे.

१९६७मध्ये ब्रेलचे ‘जॅकी’ हे गाणे त्याने गायले तेव्हा बीबीसीने ते वाजवायचे नाकारले होते. ते बाविसाव्या क्रमांकावर अडकले. जुलै २०१७मध्ये त्याच बीबीसीने रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या आपल्या प्रॉम्स महोत्सवात एक संध्याकाळ स्कॉटच्या १९६७ ते १९७० मधील गाण्यांसाठी राखून ठेवली. जार्विस कॉकर, रिचर्ड हॉली, जॉन ग्रँट आणि सुझान सुंडफोर गायले आणि मागे पूर्ण वाद्यवृंद होता. स्कॉट स्वतः १९७८नंतर मंचावर गायलाच नव्हता, त्या रात्रीही गायला नाही. मार्च २०१९मध्ये तो गेला.