गणपतीत पंप का लागला नाही?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीतला एक पेशंट दोन वर्षं माझ्याकडे दम्याची औषधं घेत होता. पंप वाढवला, गोळ्या बदलल्या, तरी खोकला हटेना. एकदा त्याची बायको सोबत आली आणि सहज म्हणाली, "डॉक्टर, गणपतीत आठ दिवस हे घरी होते, तेव्हा यांना पंप लागलाच नाही."

तेव्हा कुठे मी विचारलं, "तुम्ही नक्की काम काय करता?"

तो फोम बनवणाऱ्या कारखान्यात रसायनं मिसळायच्या जागी होता. अशा फोमसाठी आयसोसायनेट नावाची रसायनं वापरतात आणि त्यांच्या वाफेने दमा होऊ शकतो. सुट्टीत बरं वाटणं आणि कामावर परतल्यावर त्रास सुरू होणं, ही त्याची मोठी खूण. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. 'तुमचा व्यवसाय काय?' हे प्रत्येक पेशंटला विचारा, असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मला तो प्रश्न विचारायला दोन वर्षं लागली.

पुढचं सांगताना जास्त संकोच वाटतो. तो म्हणाला, "कागदावर काही लिहू नका. कॉन्ट्रॅक्टर उद्या गेटवरूनच परत पाठवेल." मी लिहिलं नाही. मला वाटलं, मी त्याची रोजीरोटी वाचवली.

नंतर कारखाना कायदा नीट वाचायला घेतला. एमबीबीएसला तो परीक्षेपुरता पाठ केला होता. १९४८ च्या त्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की तिसऱ्या अनुसूचीतला आजार कारखान्यातल्या कामगाराला दिसला, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना विनाविलंब लेखी कळवायचं. शिसं, सिलिकोसिस, आवाजामुळे येणारा बहिरेपणा यांच्याबरोबर आयसोसायनेटची विषबाधाही त्या यादीत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. डॉक्टरची ही जबाबदारी तिथेही कायम आहे.

म्हणजे कळवायचं की नाही, हा निर्णय त्या पेशंटवर सोडायचाच नव्हता. ते माझं काम होतं. आणि ते फक्त त्याच्यासाठी नव्हतं. त्याच मशीनवर दुसऱ्या पाळीत आणखी कोणीतरी उभा होता.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये औषध कारखान्यात स्फोट झाला, कामगार गेले, सगळ्या महाराष्ट्राने ते पाहिलं. हळूहळू निकामी होणाऱ्या फुफ्फुसाची बातमी होत नाही. त्याची नोंद डॉक्टरच करू शकतो. आम्ही नोंद केली नाही, तर सरकारदरबारी रायगडमध्ये असे आजार नाहीतच, असं चित्र उभं राहतं. म्हणून माझं ठाम मत आहे की हा कायदा फक्त वकिलांनी आणि सेफ्टी ऑफिसरनी वाचून भागणार नाही. गावातल्या डॉक्टरने वाचायला हवा आणि तुम्हीही.

नोकरीची भीती खोटी नाही. कंत्राटी कामगाराला ती जास्तच असते. पण कागद नसला की नुकसानभरपाई मागायलाही आधार उरत नाही आणि दाव्याला मुदत असते. शिवाय अशा दम्यात त्या रसायनापासून जितक्या लवकर दूर जाल, तितकी बरं होण्याची शक्यता जास्त.

तुम्ही काय करू शकता? डॉक्टरकडे गेलात की फक्त 'कंपनीत आहे' म्हणू नका. कोणत्या खात्यात, कोणत्या मशीनवर, कोणत्या रसायनाजवळ, ते सांगा. ड्रमवरच्या लेबलचा फोटो दाखवा. सुट्टीत बरं वाटतं का, सोबतच्या कोणाला तसाच त्रास आहे का, तेही सांगा. कामाच्या जागी कोणता धोका आहे याची माहिती मालकाकडे मागण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. कंपनीत तपासणी झाली असेल तर रिपोर्टची प्रत मागून घ्या. तक्रारीसाठी राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. मात्र पंप किंवा गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

आता माझ्या केसपेपरवर नाव आणि वयाखाली 'काम' असा रकाना आहे. तुमच्या डॉक्टरच्या कागदावर तो नसेल, तर न विचारता सांगा.