विहाराला कुलूप आणि गप्पा मिशनच्या आमिषाच्या!

मिशनऱ्यांचे नाव निघाले की संस्कृतिरक्षक एकच पालुपद लावतात : आमिष दाखवले, धर्म बाटवला! आमचेही काही बांधव त्यात सूर मिसळतात. आम्ही विचारतो, ज्याला पाणवठा बंद, शाळेची पायरी बंद, त्याच्या हाती पाटी देणे हे आमिष?

इतिहास पाहा. जर्मनीतून गोस्नर यांनी पाठवलेले चार ल्युथरन मिशनरी 1845 मध्ये रांचीला पोचले. उराव समाजातील पहिल्या चौघांचा बाप्तिस्मा झाला 1850 मध्ये. फळ दिसत नसतानाही केंद्र चालू राहिले. आपल्या मुलखात हेच काम इतर पंथांच्या मिशनांनी केले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आले. आमच्या गोदावरीपलीकडे, जालन्याजवळ, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसवले. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 1855 मध्ये छापला, तोही मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने.

मग मिशनमध्ये सगळे आलबेल होते काय? मुळीच नाही. चर्चमध्ये गेलेल्या अस्पृश्याचीही जातीतून सुटका झाली नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आहे. त्यांनी बुद्धाचा मार्ग निवडला. पण संस्था रोज चालवावी लागते, हे त्यांनीही करून दाखवले. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह, 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय!

आणि आम्ही? विहार म्हणजे मुळात भिक्खूंनी राहण्याची, शिकण्या-शिकवण्याची जागा. आज गावोगावच्या विहारांचे कुलूप जयंतीला आणि वर्षावासात निघते. डीजेसाठी वर्गणी जमते, पुस्तकांसाठी जमत नाही.

उमापूर परिसरातून, साऱ्या गेवराई तालुक्यातून, दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. मुकादमाची उचल फेडायला आईबाप फडात, आणि पोरांची शाळा अर्ध्यावर. या पोरांसाठी हंगामभर विहार उघडा का नसावा? दोन वेळचे जेवण, संध्याकाळचा अभ्यास, मुलींच्या सुरक्षेसाठी गावातल्याच दोन जबाबदार बाया, आणि जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर. सरकारी हंगामी वसतिगृहाची मागणी लावून धरूच. पण तोवर कुलूप कशाला?

दुसऱ्याच्या केंद्राला नावे ठेवण्याचा अधिकार आपले केंद्र रोज उघडणाऱ्यालाच आहे. ‘शिका’ हा शब्द कमानीवर रंगवून भागत नाही. त्यासाठी आत दिवा लागावा लागतो. या हंगामात उसाची पहिली गाडी निघण्याआधी विहाराची किल्ली समितीकडून मागून घ्या.

जय भीम!