जाहीर आवाहन : विधान परिषद आपल्यालाही बांधील हवी

पेण आणि रोहा तालुक्यांतील नागरिक बंधू-भगिनींनो,

महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभेचे आमदार भरतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी, पदवीधर व शिक्षक प्रत्येकी ७, आणि उरलेल्या १२ राज्यपाल. सर्वसाधारण मतदाराला इथे मतच नाही.

मग परिषद बरखास्तच का करू नये? तमिळनाडूने १९८६ साली केली. आम्हाला ते मान्य नाही. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच परिषदेचे सभापती होते. मतांच्या हिशेबापलीकडे पाहणारे सभागृह राज्याला हवेच; पण ते लोकांना बांधील हवे.

आपल्याकडे काय झाले ते आठवा. रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची मुदत मे २०२४मध्ये संपली. तेव्हा नगरपरिषदांवर आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक होते. नगरसेवक नाहीत, जिल्हा परिषद सदस्य नाहीत, मग मतदान कोण करणार? तीन जिल्ह्यांची जागा रिकामी पडली. ग्रामपंचायत सदस्यांना तर या निवडणुकीत मतच नाही. कर्नाटकात त्यांना ते आहे. मग खारेपाटातल्या पाण्यासाठी किंवा धाटावच्या प्रदूषणाविरुद्ध गावात उभ्या राहणाऱ्या सदस्याला इथे का नसावे?

राज्यपालनियुक्त जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवेतील जाणकारांसाठी आहेत. २०२०मध्ये रिकाम्या झालेल्या या बारा जागांपैकी सात भरायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. सहकाराचा खरा जाणकार सभागृहात का हवा, हे पेण अर्बन बँकेत पुंजी अडकलेल्या ठेवीदारांना विचारा.

म्हणून आमच्या मागण्या :

१. ग्रामपंचायत सदस्यांना स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात मताधिकार द्यावा.

२. राज्यपालनियुक्त जागा भरण्यास कायद्याने मुदत घालावी आणि प्रत्येक नावामागचे कार्य जाहीर करावे.

३. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका वेळेवरच घ्याव्यात.

पहिल्या दोन मागण्यांसाठी संसदेनेच पाऊल उचलायला हवे. म्हणून येत्या ग्रामसभेत हे ठराव मांडा, शहरात नगरसेवकांना निवेदन द्या आणि प्रती खासदार-आमदारांकडे पोहोचवा. पदवीधरांनो, तुमच्या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते. नोंदणी सुरू होताच नाव घाला. पक्ष कोणताही असो, ही मागणी सर्वांची आहे. तिच्यामागे उभे राहा.

आपले,
पेण व रोहा तालुक्यांतील नागरिक