मोडी ही नक्षी नव्हे

युरोपातील ‘ब्लॅकलेटर’ आज वृत्तपत्रांच्या नाममुद्रांपुरते उरले आहे. परंतु १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गचे बायबल छापले गेले ते याच वळणात, कारण ते तेव्हाचे नित्य वाचनाचे अक्षर होते. मोडीचीही तीच गत होऊ घातली आहे. ‘ऐतिहासिक थाट’ म्हणून ती टी-शर्टांवर मिरवते. वस्तुतः ती दफ्तराची लिपी: आधी ओळ आखायची, मग शक्यतो हात न उचलता लिहीत जायचे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या मोडीत नोंदलेल्या आहेत. त्या वाचता येत नसतील, तर छातीवरची मोडी हा अभिमान नव्हे, निव्वळ कशिदा होय. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे. साधनांची सबब संपली. आता बाराखडी गिरवावी.