तेरीज जुळली तरी...

कचेरीत हिशेबाच्या वह्या लिहिता लिहिता आम्ही एक गोष्ट शिकलो. तेरीज जुळली म्हणजे वही बिनचूक, असे नव्हे. एकाच्या नावे लिहायचे शंभर रुपये दुसऱ्याच्या नावे पडले, तरी तेरीज जुळतेच. चूक मात्र आत दडून राहते.

संगणकाच्या जगातही असेच घडते. लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केली. तिची मूळ लिखावट कुणालाही फुकट वाचता येते, सुधारता येते. आपल्या घरातला अँड्रॉइड मोबाइल याच लिनक्सच्या पायावर उभा आहे.

मोबाइलवरून मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, की आत काय होते? आपल्या घरच्या उतरंडीसारखे तिथे नियमांचे थर एकावर एक रचलेले असतात. त्यातल्या टीसीपी नावाच्या थराचे काम आवक-जावक कारकुनासारखे. तो मजकुराचे तुकडे करतो, त्यांना क्रम देतो, पाठवितो आणि पोच येण्याची वाट पाहतो. पोच आली नाही, तर तुकडा पुन्हा धाडतो.

सगळे तुकडे सुखरूप पोहोचले, तर या कारकुनाची परीक्षा होतच नाही. परीक्षा होते ती तुकडा हरवल्यावर, पोच उशिरा आल्यावर. म्हणून तपासनीस मुद्दाम अडचण निर्माण करतात. गुगलच्या अभियंत्यांनी २०१३ साली ‘पॅकेटड्रिल’ हे साधन सर्वांसाठी खुले केले. त्यात ओळीओळीने लिहायचे: अमुक वेळी हा तुकडा आत सोड, ही पोच अडवून धर, आणि तमुक वेळी अमुकच तुकडा बाहेर आला पाहिजे. तो आला नाही, तर चाचणी नापास. या साधनाने त्यांना लिनक्समधील दहा चुका सापडल्या आणि दुरुस्तही झाल्या.

पण चाचणीही माणूसच लिहितो. जे त्याच्या मनात आले नाही, ते सुटते. जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्स कंपनीतील जोनाथन लूनी यांनी लिनक्सच्या याच थरातील एक चूक उजेडात आणली. तुकडे मोजणाऱ्या एका रकान्यात ६५,५३५ पर्यंतच आकडा मावत होता. बाहेरच्या कुणी मुद्दाम विशिष्ट क्रमाने पोचा पाठविल्या, की रकाना भरून जाई आणि संगणक जागीच बंद पडे. ही चूक २००९ सालापासून आत होती. दहा वर्षे तेरीज जुळतच होती! ती उघड झाली त्याच वेळी दुरुस्तीही सर्वांना उपलब्ध झाली.

आम्हाला यात मोलाचे वाटते ते हे, की ही वही कुलूपबंद नाही. ती वाचायला ना वशिला लागतो, ना फी. आपल्या वस्तीतील मुले-मुली आज संगणक शिकत आहेत. पालकांनो, त्यांना ‘चालते का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘पोच हरवली तर काय होते, ते तपासलेस का?’ असेही विचारा. लिखावट फुकट आहे, तपासण्याचे साधनही फुकट आहे. मुलांनी ती वही उघडावी, एवढीच आमची इच्छा.