लघवीत साखर सापडली? मग कामाचेही विचारा



ठराविक मुदतीच्या वैद्यकीय तपासणीत लघवीत साखर सापडली की पुढचे प्रश्न ठरलेले. गोड किती खाता? घरात कोणाला मधुमेह आहे? प्रश्न रास्तच आहेत. पण ‘काम काय करता, कशाजवळ करता?’ हे क्वचितच विचारले जाते. पाऱ्याजवळ काम करणाऱ्याला तरी ते विचारलेच पाहिजे.

रक्तातली साखर पेशीत आपोआप झिरपत नाही. पेशीच्या आवरणात प्रथिनांची दारे असतात, त्यांतून ती आत जाते. या प्रथिनांत गंधक असते आणि पाऱ्याला गंधकाची भारी ओढ. तो तिथे चिकटला की दार अडते. पाऱ्याच्या क्षारांमुळे माणसाच्या लाल रक्तपेशींत साखर शिरणे रोखले जाते, हे पॉल लेफेव्हर यांनी 1948 सालीच दाखवले. चरबीच्या पेशींवरील प्रयोगांत मात्र इन्सुलिन नसतानाच साखर जास्त आत गेली! तेव्हा पारा म्हणजे मधुमेह, असे सरळ समीकरण आम्ही मांडत नाही.

मूत्रपिंडाची गोष्ट अधिक स्पष्ट आहे. श्वासावाटे गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के शरीरात शोषली जाते आणि त्यातला बराच पारा मूत्रपिंडात साठतो. रक्तातून गाळली गेलेली साखर परत आत ओढण्याचे काम तिथल्या बारीक नलिकांच्या पेशी करतात. पाऱ्याने त्या दुखावल्या की रक्तातली साखर ठीक असूनही लघवीत साखर येते. अशा माणसाला मधुमेही ठरवले, तर तो गोळ्या घेऊन पुन्हा त्याच पाऱ्याजवळ जाऊन उभा राहतो.

आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. 1959 पासून आलेल्या डब्ल्यूएएम-1 इंजिनांत पाऱ्याचे इग्निट्रॉन होते. जुन्या फिटरांना आठवत असतील. स्टेशनातल्या, सॉर्टिंग ऑफिसातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्येही पारा असतो. तो काही मिलिग्रॅमच, एखादी नळी फुटली म्हणून घाबरू नये. खिडक्या उघडाव्यात, कोरडा झाडू मारू नये. पण उतरवलेल्या नळ्यांचा ढीग बंद खोलीत फोडायला लावलेल्या कंत्राटी कामगाराचे काय? त्याची तपासणी कोण करतो?

पाऱ्यामुळे होणारे रोग 1923 च्या भरपाई कायद्यात व्यवसायजन्य मानलेले होते, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. पण कामाची नोंदच नसेल तर दावा उभा राहणार कशावर? कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना 2001 साली बंद झाला. 591 माजी कामगारांशी समझोता झाला तो 2016 साली.

म्हणून शाखांनी प्रशासनापुढे मागणी ठेवावी: तपासणीच्या फॉर्मवर कामाचा पूर्वेतिहास लिहिला जावा, पाऱ्याजवळ काम करणाऱ्यांच्या लघवीतला पाराही मोजला जावा, आणि यात कंत्राटी कामगार पहिल्या दिवसापासून धरला जावा.